चिमूटभर अंगारा

गुणवंतने तिसऱ्या प्लगची वायर उपसली, तरी इंजिनाचा आवाज तसाच राहिला. बाकीच्या वायरी काढताना ते दर वेळी जास्तच आचके देत होतं. इथे मात्र त्याला काही पडलेलीच नव्हती.

"हाच मेलाय," तो पुटपुटला, आणि मागे सुरक्षेचे साहेब उभे आहेत हे आठवून त्याने जीभ चावली.

लढाई सुरू झाल्यापासून फौजी ट्रकांच्या या कारखान्यात कोणी शिंकलं तरी साहेब वळून बघत. मागच्या आठवड्यात एका फिटरला ढिल्या नटावरून जीपमध्ये बसवून नेलं होतं. त्याची बायको अजून डबा घेऊन फाटकाशी उभी राहायची.

"पता करो, गुणवंत, किसकी बदमाशी है."

"जी साहेब. ठंड में गाड़ी भी नखरे करती है."

साहेब हसले नाहीत.

गुणवंतने नवा प्लग लावून पाहिला, वायर बदलली, पेट्रोल तपासलं. ठिणगी मिळमिळीतच. शेवटी त्याने डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. इथूनच प्रत्येक प्लगला ठिणगी वाटली जाते. टोपीच्या आत राखाडी लेप होता, दवाने ओलसर झालेला. ठिणगी त्यातूनच वाट काढून भलतीकडे पळत होती. त्याने टोपी नाकाशी नेली. उदबत्तीचा वास.

टोप्या बसवायचं काम रामरावचं. तो पलीकडच्या बाकाशी पाठमोरा उभा होता आणि कधीच घट्ट झालेल्या नटावर पाना फिरवत होता. त्याचा मुलगा श्रीरंग फौजेत ड्रायव्हर. पूर्वेच्या आघाडीवर असेच ट्रक चालवत होता.

गुणवंतने साहेबांकडे पाठ केली. त्याने फडक्याने टोपी आतून पुसली, कोरडी केली, बसवली. इंजिन एका दमात सुरू झालं.

"क्या निकला?"

"ओस थी, साहेब. सीलन."

साहेबांनी त्याच्या हातातल्या फडक्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि ते केबिनकडे गेले.

गुणवंत बाकाशी आला. "काहून केलं रे, भाऊ?"

"चिमूटभर तर होता." रामरावने मान वर केली नाही. "तुझी वहिनी म्हणे, देवाचा अंगारा आहे, इंजिनाच्या जिवाजवळ ठेवा. गाडी दगा देणार नाही."

"वहिनीले सांग, देवाले वायरिंग समजत नाही. या एकाच गाडीत टाकला न?"

रामरावने पाना पुन्हा त्याच नटावर चढवला.

"मी काय विचारून राहिलो?"

"श्रीरंगाले कोणती गाडी भेटन, हे मले कसं ठाऊक राहीन, गुणवंता?"

फाटकापलीकडे मालगाडीचे रूळ रिकामे पडले होते. ट्रक भरलेली गाडी कालच गेली होती. गुणवंतला हातातलं फडकं एकदम ओलं वाटू लागलं.

"मी साहेबाले दव सांगितलं," तो कसाबसा म्हणाला. "आता दवच राहू दे. तुले नेतील रे."

"आन् तिकडं पोरगा रस्त्यात अडकला म्हणजे?"

रामरावने पाना खाली ठेवला आणि हात पुढे केला. गुणवंतने फडकं मागे ओढलं. रामरावने ते हळूच, लहान मुलाच्या मुठीतून घ्यावं तसं सोडवून घेतलं. त्याच्या बोटाला राख लागली. सवयीने त्याने ती कपाळाला लावली आणि तो केबिनकडे चालू लागला.

नुसतं पुसल्यावर गाडी चालते हे साहेबांना ऐकू यावं म्हणून गुणवंतने इंजिन बंद केलं नाही.