सुईनंतरचा घास

“अहो सावळाराम, ऐकलंत का? आनंदरावांच्या कुंदाच्या अंगात आलंय!” अंबूबाई दवाखान्यात खोकल्याचं औषध न्यायला आल्या होत्या, पण चेहऱ्यावर देवळात आल्याचा आनंद होता. “घामानं निथळतेय, थरथरतेय, काहीबाही बोलतेय. हरतालिकेचा निर्जळी उपास पोरीचा, फळाला आला हो!”

कंपाउंडर सावळारामच्या हातातली बाटली फरशीवर फुटली.

“उपास? आन म्या आठ वाजता टोचलंय की तिला!”

सावळाराम मूळचा किकवीचा. त्याच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या भोर संस्थानात सापडला नसता. तो डॉक्टरांना भ्यायचा, पालीला भ्यायचा, पण सगळ्यांत जास्त भ्यायचा तो पुण्याहून येणाऱ्या इन्सुलिनच्या बारक्या कुपीला. आनंदरावांच्या सोळा वर्षांच्या लेकीला, कुंदाला, मधुमेह होता. डॉक्टरांनी त्याला एकदा बसवून समजावलं होतं, “अंगातल्या पेशी म्हणजे लाखो चुली. अन्नातली साखर हे त्यांचं सरपण. कुंदाच्या रक्तात सरपण नुसतं पडून राहतं, चुलीत जात नाही. हे औषध ते आत ढकलतं. पण टोचल्यावर पोर जेवली नाही, तर सरपणच संपेल. आणि पहिली विझेल ती डोक्यातली चूल.”

तेव्हापासून तो रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर सुई भरण्याआधी विचारायचा, “पान वाढलंय न्हवं?” आज दवाखान्यात गर्दी होती, म्हणून तो घाईत होता. कुंदाचे ओले केस आणि हातभर हिरव्या बांगड्या त्याला दिसल्या, पण विचारायचं राहून गेलं.

डॉक्टर पुण्याला गेले होते. सावळाराम अनवाणीच पळत सुटला.

दोन वर्षांत तो त्या घरात ओसरीच्या पुढे कधी गेला नव्हता. आज उंबऱ्यातून त्याने माजघरात पाहिलं. वाळूच्या पिंडीसमोर कुंदा भिंतीला टेकून डोलत होती. केस मोकळे, कपाळभर कुंकू. बायका हात जोडून बसल्या होत्या आणि तिची आई चंद्राबाई पोटच्या पोरीच्या पायावर डोकं ठेवून विचारत होती, “आई, माझ्या लेकीचा रोग कधी नेशील गं?”

“वैनी, देवी न्हाई ही! साखर द्या, बिगीनं!”

“साखर?” चंद्राबाई किंचाळल्या. “दोन वर्षं तुम्हीच सांगताय, साखर म्हणजे तिला विष! आणि आत येऊ नका, सोवळ्यात आहोत आम्ही.”

कुंदाची मान एका बाजूला कलली. तसा तो उंबरा ओलांडून आत शिरला, नैवेद्याच्या वाटीतली साखर ओल्या बोटावर घेतली आणि तिच्या गालाच्या आत चोळली. बायका ओरडत उठल्या.

“वैनी, चूक माजी हाय. म्या इचारलं न्हाई,” तो रडत म्हणाला. “मागनं मारा मला. पर आता पान्यात साखर कालवा. पोर चालली!”

चंद्राबाईंनी लेकीचा हात धरला. तो गार पडला होता. त्यांनी पिंडीकडे एकदा पाहिलं आणि वाटीत पाणी ओतलं. पहिला चमचा ओठांवरून ओघळला. दुसराही ओघळला. सावळारामला वाटलं, संपलं सगळं. तिसऱ्याला कुंदाचा गळा हलला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने डोळे उघडले.

“आई, गोड आहे गं,” ती म्हणाली. “अजून दे.”

दोन वर्षं गुळाचा डबा कुलपात ठेवणाऱ्या त्या माउलीला रडू आवरेना. सावळाराम पाठ न वळवता मागे मागे सरकत ओसरीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो ओसरीवर आला तेव्हा कुंदाचं पान वाढलेलं होतं. पण त्याचा हात इतका कापत होता की सुई कुपीत जाईना.

“सावळारामदादा,” कुंदाने विचारलं, “तुम्ही जेवलात का?”

त्याने नकारार्थी मान हलवली. कालपासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

चंद्राबाई आत गेल्या. माजघरात पाट मांडल्याचा आवाज आला.

“आत या,” त्या म्हणाल्या. “आधी चार घास खा, मग टोचा.”

सावळारामने पायरीवर पाय धुतले. उंबऱ्याशी तो थबकला, कालच्यापेक्षाही जास्त घाबरला, आणि आत गेला.