आठ दिसांचं काम

माझं डोस्कं लय लवकर तापतं, हे अख्ख्या इस्लामपुराला ठावं हाय. गिऱ्हाईकानं माझ्या सुतारकामात खोट काढली की मी पटाशी आपटून उभा ऱ्हातो. पन त्या दिवशी संयोगितावहिनींचा फोन आला तवा पटाशी हळूच खाली ठेवली.

"इमामभाई, तुमी कपाटाची भोकं बुजवली न्हवं, त्यांच्याखाली पिवळा भुसा पडलाय. काल झाडून काढला, तर आज परत हाय!"

संयोगितावहिनी म्हंजे शालूकाकींची सून. कपाट काकींचं, सागाचं, लग्नात माहेरनं आलेलं. माहेरात आता कुनी उरलं न्हाई, हे कपाट तेवढं हाय. किडा लागून त्याला बारीक भोकं पडली हुती, वर ओरखडे. घरचे म्हनत हुते, मोडीत काढा. मीच छातीठोक सांगितलं, "मोडायचं न्हाई! नवं करून देतो."

ह्या कामाची रीत हाय. भोकाभोकात सुईनं औषद सोडायचं, खाली काळा कागद हातरायचा नि आठ दिस वाट बघायची. कागदावर भुसा पडला तर किडा जिता. न्हाई पडला, तरच लाकडाचा भुसा नि सरस कालवून भोकं बुजवायची. मी तिसऱ्याच दिवशी बुजवली. पाचगणीला एका बंगल्याचं काम आलं हुतं, जीव तिकडं लागलेला. कागद कोराच हाय की, म्हनलं, काय हुतंय! ओरखड्यात मेण भरून असं पॉलिश मारलं की काकी कपाटावर हात फिरवून रडल्या.

आता त्यांचं माहेर माझ्या घाईपायी पोखरून जानार.

"दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवताना कसं तोंड चालतं! जावा आता," आमची बायकू नूरजहां म्हनाली. मी गाडीला किक मारली.

काकी घरात न्हवत्या. वहिनींनी मोबाईलची बॅटरी धरली, मी गुडघ्यावर बसलो. व्हय की, भुसा! भीत भीत बोट टेकवलं. बोट पिवळंजर्द झालं. नाकाशी नेलं, तर हळदीचा वास.

"आवं वहिनी, हा भुसा न्हवं! भंडारा हाय!"

एकेक भोक चाचपून बघितलं. सगळी बुजलेलीच, नवं एकबी न्हाई. मी फरशीवर बसकन मारली. या अल्ला, सुटलो! डोळ्यांत पानी येईस्तवर हसलो.

तेवढ्यात काकी आल्या. म्हनलं, "काकी, कपाटाला भंडारा कशापायी?"

"पालीच्या खंडोबाचा हाय. रोज पहाटं वाहते. आठ दिस लागत्यात म्हनून तुमीच बोलला हुता न्हवं? आन तिसऱ्या दिवशी भोकं बुजवून गेला. मी म्हनलं, ऱ्हायलेलं पाच दिस देवानं बघावं."

माझं कान तापलं. "मग तवाच का न्हाई बोलला?"

"तुमचं डोस्कं तापतं न्हवं!"

मी पिशवीतनं काळा कागद काढला नि कपाटाखाली हातरला. "काकी, आठ दिस हितं भंडारा टाकू नगा. मला बघू द्या."

आठव्या दिवशी जाऊन बघितलं. कागद काळा कुळकुळीत. मग मीच काकींकडं चिमूटभर भंडारा मागितला.