चोवीस महिन्यांचा होकार

"तुमच्याकडे गरिबांसाठीचं इंटरनेट मिळतं का हो?"

नोएमियाने इंटरनेट कंपनीच्या दुकानात हे इतक्या खणखणीत आवाजात विचारलं, की रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. काचेबाहेर तिच्या मैत्रिणी फिलिपा आणि तात्याना पोट धरून हसत होत्या. पैज त्यांचीच होती: विचारायचं, आणि कुजबुजायचं अजिबात नाही. गेल्या वर्षीची नोएमिया तिथल्या तिथे विरघळली असती. पण शाळेच्या वादस्पर्धेत जिंकल्यापासून तिला स्वतःच्या आवाजाची चटकच लागली होती.

काउंटरवरच्या माणसानेच आवाज खाली आणला. "मिळतं. सरकारी सवलतीचं. पण त्यात टीव्ही नाही, फुटबॉल नाही."

"फुटबॉल ठेवा तुम्हालाच. मला जूनमध्ये बारावीची परीक्षा द्यायचीय."

"वडिलांचा कर क्रमांक सांग."

तो तिला तोंडपाठ होता. घरातले सगळे अर्ज तीच भरायची. आईला मासळीच्या कारखान्यात आता अर्धाच दिवस काम मिळत होतं, आणि या महिन्यापासून इंटरनेट बंद, असं तिने परवाच जाहीर केलं होतं. म्हणून तर ही धावपळ.

माणसाने क्रमांक टाकला. "सवलतीत बसता तुम्ही. पण देता नाही येणार."

"का?"

"वडिलांनी जानेवारीत जुना करार आणखी चोवीस महिन्यांसाठी वाढवलाय. दोनशे वाहिन्यांसकट. मोडायचा तर दंड." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. आकडा आईच्या महिन्याच्या पगाराएवढा होता.

बाहेरचं हसू थांबलं. तिचा चेहरा काचेतूनही दिसत असणार.

घरी आली तेव्हा बाबा, म्हणजे आदेरितो, कोबीच्या सूपमध्ये पाव बुडवत होता. दिवसभर धक्क्यावर बोटींचे दोर बांधून त्याचे तळवे सोलवटले होते.

"बाबा, जानेवारीत तुला कुणाचा फोन आला होता?"

"फोन? हां, कंपनीची ती पोरगी! घसा बसला होता गं बिचारीचा. म्हणाली, काका, आज फोन न आपटणारे तुम्ही पहिलेच. मग एक मेसेज आला. त्याला 'हो' लिहून पाठवायचं होतं."

"आणि पाठवलंस?"

"दोनदा प्लीज म्हणाली ती."

आईने डाव पातेल्यात आपटला. "मी मांस आणायचं बंद केलं, आणि हा दोनशे वाहिन्या घेऊन बसलाय! बातम्या लागल्या की घोरतोस मेल्या, बघतोस काय त्यातलं?"

"पैशांचं ती काही बोलली नाही."

"तू विचारलंस?"

बाबाने पावाचा तुकडा पुन्हा सूपमध्ये बुडवला. नोएमियाला चीड नेमकी कुणावर काढावी तेच कळेना. घसा बसलेल्या मुलीवर? की कुणालाच नाही म्हणता न येणाऱ्या या माणसावर? इंटरनेट बंदही करता येत नव्हतं आणि परवडतही नव्हतं. दोन बिलं थकली की कंपनीच तोडणार, ऐन परीक्षेच्या तोंडावर.

"मी रविवारीही कामावर जातो," बाबा म्हणाला. "चूक माझी आहे. त्यांच्याशी भांडायला नको. लोक काय म्हणतील?"

"आज भर दुकानात आपण गरीब आहोत असं ओरडून आलेय मी. कोणी मेलं नाही."

या देशात कायद्यानेच प्रत्येक दुकानात तक्रारींची लाल वही ठेवावी लागते. मागितली की नाही म्हणायची सोय नाही, आणि त्यातली तक्रार थेट सरकारी खात्याकडे जाते. पण बाबाने ती जन्मात मागितली नव्हती. न्हाव्याने कान कापला तेव्हाही नाही. उलट त्यालाच जास्तीचे पैसे देऊन आला होता.

नोएमियाने दप्तर खुर्चीवर ठेवलं आणि दोघांसमोर ताठ उभी राहिली.

"उद्या शाळा सुटली की आपण लाल वही मागणार आहोत. पैसे, दंड काही सांगितलंच नाही, हे लिहीन मी. बाबा, करार तुझ्या नावावर आहे म्हणून तुला यावं लागेल. बोलू नकोस काही. नुसता माझ्या शेजारी उभा राहा."