सहा फुलं

कॉफीच्या यंत्राने शेवटचा खळखळ आवाज केला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. रडतं पोर थोपटून गप्प करावं तसा वेन्लाने त्याच्यावर हात ठेवला. घाबरायचं खरं तर काही कारण नव्हतं. इंड्रेक उजाडायच्या आधीच छपराच्या कामावर गेला होता. पण नवऱ्याला न सांगता त्याच्या आईकडे निघालेल्या बाईला स्वतःच्या घरातही चोरपावलांनी चालावंसं वाटतं.

बुधवारी जहाजाचं तिकीट स्वस्त असतं. सकाळी हेलसिंकीहून निघायचं, दुपार समुद्रापलीकडच्या देशात, ताल्लिनमध्ये घालवायची आणि रात्री झोपायला घरी. अर्धं शहर हेच करतं. कुणी बिअरची खोकी आणायला जातं, कुणी दात बसवायला. वेन्लाला मात्र आपली लेक लुमी सासूला दाखवायची होती. पोरगी पाच वर्षांची झाली, तरी आजीने तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. माय-लेकांचा अबोला लुमीच्या जन्माआधीपासूनचा. का, ते इंड्रेक सांगत नसे. लग्नाआधी एकदा त्याने ताल्लिनच्या ट्रामच्या खिडकीतून एक पिवळं लाकडी घर दाखवलं होतं. "आईचं," एवढंच म्हणाला आणि उतरला नाही.

आज वेन्ला उतरणार होती. पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडावर दार लावणारी बाई अजून जन्माला यायचीय, अशी तिची खात्री होती. पिशवीत राय धान्याच्या पावाचे तुकडे आणि चीज भरलं, कारण जहाजावरचं खाणं म्हणजे खिशाला भोक. लुमीला टोपी घातली आणि दोघी निघाल्या.

जहाजावर त्यांच्यासमोर रित्वा नावाची एक म्हातारी बसली. शेजारी रिकामी ढकलगाडी.

"केस कापायला चाललेय," ती आपणहून म्हणाली. "कापून, जेवून, वर भाडं धरलं तरी आपल्याकडच्यापेक्षा स्वस्त."

"मग गाडी कशाला?" लुमीने विचारलं.

"कापलेले केस आणायला."

लुमी तिच्याकडे बघत राहिली. रित्वाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"नवऱ्याच्या बाटल्या गं," शेवटी ती म्हणाली. "रिकामी आलीस तर येऊच नकोस म्हणतो. तुम्ही कुठे?"

"माझ्या आजीकडे. तिला माहीत नाही."

"अगं बाई. मग फुलं तरी घ्या. तिकडे हात हलवत गेलेलं चालत नाही."

ताल्लिनच्या जुन्या वेशीपाशी फुलवाल्या ओळीने बसतात. रित्वा तिथवर सोबत आली. वेन्लाने सात जांभळ्या ॲस्टरची जुडी घेतली. निरोप घेताना लुमीने त्यातलं एक उपसून रित्वाला दिलं. "कापायच्या आधी केसांत लाव."

ते बघून फुलवाली उठलीच. आणखी एक फूल पुढे करून तिच्या भाषेत काहीबाही बोलू लागली. एक जुडी घेतली तरी पिच्छा सोडत नाही ही, वेन्लाला वाटलं. "पुरे, पुरे," असं हसून म्हणत तिने लुमीला ट्राममध्ये चढवलं.

पिवळं घर ओळखू आलं. रंग थोडा उडाला होता, एवढंच. तिने बेधडक घंटी वाजवली.

दार उघडणारी सासू, माइमू, उंच होती आणि डोळे अगदी इंड्रेकचे, लुमीचेही तेच. त्या डोळ्यांनी आधी वेन्लाला पाहिलं, मग पोरीला, आणि मग ते फुलांवर थांबले. ओठ हलले, जणू मोजत होते. तिने चौकट घट्ट धरली.

"कधी?" तिने फिनिशमध्ये विचारलं. इकडच्या जुन्या माणसांची फिनिश टीव्हीवरून शिकलेली, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी स्वच्छ. "कधी गेला माझा मुलगा?"

वेन्लाला आधी काही कळेना. कळलं तशी ती घाईने मान हलवू लागली. "नाही, नाही. तो कामावर आहे. छपरावर. अगदी धडधाकट आहे."

"सहा फुलं आम्ही थडग्यावर नेतो, पोरी. जिवंत माणसाकडे पाच न्यायची, नाहीतर सात."

इंड्रेकने आयुष्यात कधी फूल आणलं असतं, तर हे तिला कळलं असतं ना. पण आता बोलून उपयोग नव्हता. म्हातारी चौकट सोडत नव्हती. वेन्लाने फोन काढला आणि नवऱ्याला लावला.

"काय गं?" पलीकडे वारा वाजत होता. "वर आहे मी."

तिने फोन सासूच्या कानाला लावला. माइमू कितीतरी वेळ नुसता वारा ऐकत राहिली.

"छपरावर असताना फोन घेऊ नये," ती तिच्या भाषेत म्हणाली. तेवढं वेन्लालाही समजलं.

पलीकडून हळूच, "आई?"

"पट्टा बांधलायस?"

"बांधलाय."

"नीट बांध." आणि फोन परत दिला. "आत या. पोरीचे कान लाल झालेत थंडीने."

माइमूने जुडीतलं एक फूल काढून वेगळ्या पेल्यात ठेवलं. "हे तुझं," ती लुमीला म्हणाली. मग उकडलेले बटाटे आले, खारवलेले छोटे मासे आले, काळा पाव आला. "आईने काही खायला शिकवलंय की नाही तुला?" असं विचारत तिने लुमीच्या ताटात तिसरा बटाटा टाकला. वेन्लाने ते बोलणं गोड मानून घेतलं. घालूनपाडून बोलणं घरच्यांच्याच वाट्याला येतं. इंड्रेकचं नाव मात्र पुन्हा कुणी काढलं नाही.

निघताना माइमू ट्रामपर्यंत आली. लुमीच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"तिकीट बुधवारीच स्वस्त असतं ना?"

"हो," वेन्ला म्हणाली. "दोन्हीकडून."

"हं," म्हणाली माइमू.

जहाज सुटलं तेव्हा दोघी वरच्या मजल्यावर कठड्याशी उभ्या होत्या. वेन्ला मनात वाक्यं जुळवत होती, रात्री इंड्रेकला सांगायची. रागावेल तर रागावेल. आईचा आवाज त्याने ऐकला होता, तो काही आता परत घेता येणार नव्हता.

"आई," लुमी म्हणाली, "आजी आणि बाबांमध्ये आधी कोण बोलायचं थांबलं?"

"मला नाही गं माहीत."

लुमीने टोपी कानांवर ओढली. मग आईचा हात धरला.

"मी मोठी झाले की आपल्या दोघींत आधी कोण थांबणार?"