विगोची बातमी

बेकरीवाल्या विगोचा खून झाल्यापासून त्या डॅनिश गावात कॅमेरेवाले ठाण मांडून बसले होते. खुनी गावातलाच निघाला, म्हणून विगोच्या शेजारणीला, इंगेलिसेला, जो तो एकच विचारी, "खुनी कसा होता हो?" शेवटी किराणा दुकानात वार्ताहर मेटेने तेच विचारलं, तेव्हा ती वैतागली.

"त्याचा फोटो रोज छापताय. आमच्या विगोचं विचार की, पोरी."

"बरं आजी, कसे होते ते?"

"बेसूर. चर्चमध्ये तो गायला लागला की ऑर्गन वाजवणारा चुकायचा."

सामान घ्यायला आलेले लोक थबकले. "पत्त्यांत लबाडीही करायचा," एकजण म्हणाला, "आणि जिंकला की हरलेल्यांना दालचिनीचे रोल फुकट वाटायचा."

बघता बघता दुकानभर हशा पिकला. इंगेलिसेचे डोळे हसता हसता भरून आले, पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर खुनीच होता. विगो सातव्या पानावर, पिठाने माखलेला, हसरा. गावाने दुपारपर्यंत सगळे अंक संपवले आणि ते पान प्रत्येक खिडकीच्या काचेला बाहेरून चिकटवलं. कॅमेरा कुठेही वळवा, समोर विगोच.