दुसरी फिल्म

मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही, आणि डोळ्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. बावीस वर्षं मी वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे वाचतेय. जाड पोलादाच्या पोटात केसाएवढी भेग असली तरी ती फिल्मवर उमटते, फक्त बघणाऱ्याला दिसायला हवी. आमच्या कारखान्यात हे काम नाना आणि मी, दोघंच करतो. खिडक्यांना काळा कागद लावलेली एक खोली आहे, तिथे उजेडाच्या पेटीवर फिल्म ठेवायची आणि डोळ्यात तेल घालून बघत बसायचं.

गेलं वर्षभर सगळं काम एकाच कंपनीचं. ती विजेवर उडणारी विमानं बनवते, आणि ती विमानं चार्ज करायला धावपट्टीशेजारी बसवायच्या छोट्या अणुभट्ट्याही. त्या अणुभट्टीचं पोलादी भांडं आम्ही जोडतो. एकदा जेवताना मी घरी बोलून गेले, "इतके सुबक जोड मी जन्मात पाहिले नाहीत." झालं. आमच्या ह्यांनी निवृत्तीची सगळी रक्कम त्या कंपनीच्या शेअरमध्ये घातली. बसडेपोत आयुष्यभर बॅटऱ्या उचललेला माणूस, बॅटरीवर विमान उडणार म्हटल्यावर ह्यांचे पाय जमिनीवर राहतात कशाला! मी चिडले तर म्हणाले, "अगं, लोक पेपर वाचून पैसे घालतात. माझ्या घरात जोड वाचणारी बाई आहे." वर नानांनाही चार शेअर घ्यायला लावले.

त्या दिवशी सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. छोट्या भागधारकांना कंपनीनं चाचणी बघायला बोलावलं होतं. बारा वाजता पहिलं भांडं तापवून दाबाखाली ठेवणार होते, मग विमान उडवून दाखवणार होते.

"घाबरू नकोस, आत अणुइंधन वगैरे काही नाही. नुसतं पाणी," हे मला समजावत होते. मलाच.

"अहो, ते भांडं माझ्या हाताखालून गेलंय."

"म्हणून तर पुढच्या रांगेत बसणार आहे," म्हणाले आणि गेले.

साडेदहाला दुसऱ्या भांड्याच्या फिल्म आल्या. चौदा नंबरवर जोडाच्या मुळाशी एक बारीक काळी रेघ होती. आमच्याकडे प्रत्येक पाकिटात दोन फिल्म असतात, एकावर एक ठेवून एकदमच काढलेल्या. रेघ एकीवरच असली तर तो फिल्मवरचा ओरखडा. दोन्हींवर असली तर ती पोलादात आहे. मी दुसरी काढून पेटीवर ठेवली. रेघ तिच्यावरही होती.

नानांनी भिंग लावून पाहिलं. "भेग आहे, वहिनी. भांडं परत जाणार. शेअरची आता काही खैर नाही."

मला शेअरचं सुचेना. मला महिन्यापूर्वीचं आठवलं. पहिल्या भांड्याच्या चौदा नंबरवरही अशीच रेघ होती. नाना तेव्हा म्हणाले होते, "दुसरी फिल्म बघून घ्यायची का?" आणि मी फटकारलं होतं, "ओरखडा कुठला आणि भेग कुठली, हे आता तुम्ही मला शिकवणार?" पास लिहून मी माझा सत्तावीस नंबरचा शिक्का मारला. ह्यांनी पैसे घातल्याला तेव्हा आठवडा झाला होता.

कपाटातून ते जुनं पाकीट काढलं. दुसरी फिल्म पेटीवर ठेवणं मला जमेना. ती नानांनी ठेवली. रेघ तिच्यावरही होती, तीच जागा, तेवढीच लांबी.

मला त्या भेगेपेक्षा माझ्या डोळ्यांची भीती वाटली. तेव्हा रेघ दिसली नव्हती असं नाही. मला ती ओरखडा असायला हवी होती, म्हणून ओरखडा दिसला.

"तापल्यावर उघडली तर?" मी विचारलं.

"वाफ," नाना म्हणाले. "समोर जो असेल तो..."

सव्वाअकरा वाजले होते. मी ह्यांना फोन लावला. बंद. फाटकावर सगळ्यांचे फोन काढून घेतात, हे मला माहीत होतं, तरी पाच वेळा लावला. आधी ह्यांना तिथून उठवावं, बाकीच्यांचं मग बघू, असंही मनात आलं. लपवत नाही.

पाकिटावर चाचणीच्या जागेचा फोन नंबर छापलेला होता. मी तो फिरवायला घेतला तर नानांनी हात धरला. "वहिनी, थंड पाणी दाबानं भरून पाहिलं, तेव्हा टिकलंय ते भांडं. आजही टिकेल. उद्या शांतपणे सांगू. आज बोललात तर तुमचा शिक्का जाईल, माझी नोकरी जाईल, घरातला पैसा जाईल."

"हे पुढच्या रांगेत बसलेत, नाना."

त्यांनी हात सोडला.

फोन लागला तेव्हा पलीकडे भोंग्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "चौदा नंबरचा जोड फुटका आहे. दाब चढवू नका." पलीकडच्यानं विचारलं, "कोण बोलतंय?" मी फोन ठेवून दिला.

त्यानंतरचा पाऊण तास आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो. नानांनी उजेडाची पेटी बंद केली, परत चालू केली. बारा वाजले, बारा दहा झाले.

मग एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अगं, मी," हे म्हणाले. ऐकून मला रडूच फुटलं, पण ह्यांना बोलायची घाई. "इथल्या इंजिनिअर साहेबांच्या फोनवरून बोलतोय. कुणीतरी मूर्खानं फोन करून चाचणी थांबवली बघ. नाव नाही, गाव नाही. शेअर आत्ताच घसरायला लागलेत म्हणे. मी साहेबांना म्हटलं, ते जोड माझी बायको वाचते, तिलाच विचारा. तू एक शब्द सांग, म्हणजे लगेच सुरू करतील. आम्ही अजून जागेवरच बसलोय."

"अहो, तुम्ही आधी तिथून उठा," मी म्हटलं. पण फोन साहेबांच्या हातात गेला होता.

"बोला बाई," ते म्हणाले. "पास तुमचाच ना? खोटा फोन असेल तर पाच मिनिटांत सुरू करतो."

नाना माझ्याकडे बघत होते. माझा शिक्का टेबलावर पडला होता.

"साहेब, सत्तावीस नंबरचा शिक्का माझा," मी म्हटलं. "मघाचा फोन मीच केला. भेग खरी आहे. ती पास केली तीही मीच."

साहेबांच्या मागून ह्यांचा आवाज ऐकू येत होता. शेजारच्या कुणाला तरी सांगत होते, "बघा आता. तिचा डोळा कधी चुकत नाही."