मी जागची हलले नव्हते

मी एक रेघ आहे. काळी, केसाहून बारीक, आणि खरं सांगायचं तर नुसती उजेडातली रिकामी जागा. सध्या माझा मुक्काम नेरूळच्या एका फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये आहे. शेजारी लोणच्याची बरणी असते.

जन्म मात्र फार लांबचा. आठ अब्ज वर्षांपूर्वी, सूर्यही नव्हता तेव्हा, एका तेजस्वी दीर्घिकेचा प्रकाश वायूच्या ढगातून चालला होता. ढगातल्या लोखंडाच्या अणूंनी त्यातला एक रंग टिपून घेतला. जिथे तो रंग उरला नाही, तिथे मी. तशीच प्रवास करत एका डोंगरावरच्या दुर्बिणीत उतरले आणि ऋताच्या हाती पडले.

ऋता ही या फ्लॅटच्या मालकांची, दिनानाथांची मुलगी, संशोधक. विजेचं बळ किती असावं हे ठरवणारा निसर्गाचा एक आकडा आहे. तो आज जेवढा आहे, तेवढाच तेव्हाही होता का, हा तिचा प्रश्न. तो वेगळा असता तर मी माझ्या शेजारणीपासून, मॅग्नेशियमच्या रेघेपासून, किंचित सरकलेली दिसले असते. म्हणून ऋता वर्षानुवर्षं आम्हा दोघींमधलं अंतर मोजत होती.

या लोकांची रीतही ऐकण्यासारखी आहे. मनाला हवं तेच डोळ्यांना दिसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ऋताचे मार्गदर्शक अभिराम सर यांनी आकड्यांत एक गुप्त फरक आधीच मिसळून ठेवला होता. मोजणी संपेपर्यंत खरं उत्तर तिलाही कळू नये! स्वतःवर इतका कडक पहारा ठेवणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

एका दुपारी तो फरक काढून टाकला, आणि मी चक्क सरकलेली निघाले.

"ऋता, लगेच पेपर पाठव," सर फोनवर म्हणाले. "दुसऱ्या ग्रूपने आधी छापलं तर जन्मभर हळहळशील."

दिनानाथांच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या सोसायटीत गेली. सेक्रेटरी उज्वलाताईंनी रविवारी सत्कार ठरवला आणि गेटवर फ्लेक्सही लागला: 'निसर्गाचा नियम बदलला हे शोधणाऱ्या ऋताचे हार्दिक अभिनंदन!'

माझा जीव कासावीस झाला. मी जागची हलले नव्हते हो! पण सांगणार कशी?

ऋताच्या पुढ्यातले पोहे गार झाले होते. तिच्या मनात वेगळंच घोळत होतं. माझी जागा तिने दुर्बिणीजवळच्या एका दिव्याच्या रेघांशी ताडून ठरवली होती. तो दिवा म्हणजे यांची मोजपट्टी, आणि त्याच्यावर सगळ्यांचा आंधळा विश्वास. मग तिला आठवलं, त्याच दुर्बिणीतून तिने एका लघुग्रहावरून परतलेलं ऊनही टिपलं होतं आणि 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवलं होतं. सूर्याच्या रेघांच्या जागा तर पक्क्या माहीत आहेत, आणि ते ऊनही ताजं, काही मिनिटांपूर्वीचं; तेवढ्यात निसर्गाचा आकडा थोडाच बदलणार? त्या रेघाही सरकलेल्या दिसल्या, तर दोष पट्टीचा.

"सर, दोन-चार दिवस द्या मला."

"आणि दोष पट्टीचाच निघाला तर? इतक्या वर्षांची मेहनत गेली ना."

"मग हा पेपर नाही, सर."

"बघ तर मग," सर शेवटी म्हणाले. "न बघता मलाही चैन पडणार नाही."

सूर्याच्या रेघाही तशाच सरकलेल्या निघाल्या. दिव्याचा उजेड यंत्रात अगदी ताऱ्यांच्या वाटेने शिरत नव्हता, त्यामुळे पट्टी एका टोकाला ताणली गेली होती. ऋताने दुरुस्ती केली आणि मी माझ्या जागेवर आले. हाताशी आलेलं नाव तिने आपल्याच हाताने पुसलं होतं. ती खूप रडली. मग स्क्रीनवर, अगदी माझ्यावर, बोट टेकवून म्हणाली, "सॉरी हं. उगाच तुझ्यावर आळ घेतला."

एवढ्या प्रवासात माझी माफी कुणी मागितली नव्हती.

"म्हणजे काहीच नाही सापडलं?" दिनानाथांनी चाचरत विचारलं.

"सापडलं ना, बाबा. तेव्हाचं लोखंड आपल्या तव्यातल्या लोखंडासारखंच वागत होतं. इतक्या काळात निसर्गाने शब्द फिरवला नाही."

उज्वलाताईंना तिने स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "टेन्शन नको घेऊस गं. चूक तूच पकडलीस ना? मग सत्कार होणार म्हणजे होणार. फक्त भाषण छोटं कर."

फ्लेक्स मात्र दिनानाथांनी उतरवून घरी आणला आणि उलटा करून बाल्कनीला बांधला. "दुपारचं ऊन तुझ्या स्क्रीनवर येतं," एवढंच म्हणाले. त्या सावलीत मी आता स्पष्ट दिसते.

आता आणखी मोठ्या दुर्बिणीतून माझ्या बहिणी येणार आहेत, आणि ऋता पुन्हा मोजायला बसली आहे. आमच्यावर खुशाल संशय घ्या, माणसांनो, पण आधी आपली पट्टी तपासा. आमच्यातली एखादी खरोखरच सरकलेली असेलही. असलीच, तर ती ऋताला सापडो. तिने सांगितलं तर माझाही विश्वास बसेल.